‘मावशी, कंटाळा आला!’

दुपारचे तीन वाजलेले असतात. जेवणं होऊन, ओटा आवरून घरातलं मोठं माणूस जरा आडवं झालेलं असतं. तेवढ्यात उशाशी दोन छोटी पावलं येऊन थांबतात आणि आवाज येतो, ‘आजी, कंटाळा आला.’ मे महिना असेल तर हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा ऐकू येतं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांना यात काही नवीन नाही.

यंदाच्या मे महिन्यात माझी नात पंधरा दिवस माझ्याकडे होती. साडेपाच वर्षांची आहे. पहिल्याच दुपारी तिनं हे वाक्य म्हटलं आणि मी काय केलं असेल? उशीखालचा मोबाइल काढून तिच्या हातात दिला. ती गप्प झाली, मी कूस बदलली. डोळा लागता लागता मात्र माझी मलाच लाज वाटली. कारण डोंबिवलीत मी एकवीस वर्षं पाळणाघर चालवलं आहे. १९९४ साली सुरू केलं आणि २०१५ साली गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा बंद केलं. एका वेळी आठ-दहा मुलं असायची. ‘मावशी, कंटाळा आला’ हे मी किती हजार वेळा ऐकलं असेल, याचा हिशेब नाही. त्याला उत्तर काय द्यायचं, हे मात्र मी बऱ्याच उशिरा शिकले. एका बाबतीत तर फारच उशिरा. तेच आज आपल्याला सांगायचं आहे.

आपल्या भाषेतली एक गंमत पाहा. आपण कंटाळा ‘करतो’ आणि कंटाळा आपल्याला ‘येतो’ही. ‘तो अभ्यासाचा कंटाळा करतो’ या वाक्यात ठपका आहे. ‘मला कंटाळा आला’ या वाक्यात तक्रार आहे, पण दोष कुणाचाच नाही. झोप यावी, ताप यावा, तसा तो येतो. मूल म्हणत असतं ‘आला’, आणि आपल्याला ऐकू येतं ‘करतोय’. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आळस आणि कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आळशी माणसाला काही करायचंच नसतं. कंटाळलेल्याला करायचं असतं, पण काय ते सुचत नाही आणि समोर जे आहे त्यात मन रमत नाही. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची जी व्याख्या मांडली, तिचा मथितार्थ हाच आहे. मन गुंतवायची इच्छा आहे, पण ते गुंतत नाही, आणि ही अवस्था नकोशी वाटते. पोटात भूक आहे आणि ताटातलं काहीच घशाखाली उतरत नाही, तशातला हा प्रकार. म्हणजे कंटाळलेलं मूल रिकामं नसतं. त्याच्या आत एक धडपड चालू असते. तिला अजून वाट सापडलेली नसते, इतकंच.

ही अवस्था मोठ्यांनाही सोसत नाही बरं का! अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसांना पंधरा मिनिटं एका खोलीत नुसतं बसायला सांगितलं. जवळ फोन नाही, पुस्तक नाही. समोर फक्त एक बटण, आणि ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. तो झटका या मंडळींनी आधी घेऊन पाहिला होता आणि ‘तो टाळायला आम्ही पैसेसुद्धा मोजू’ असं सांगितलं होतं. तरी पंधरा मिनिटांत अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी तो स्वतःहून घेतला. शिकल्यासवरल्या माणसांची ही गत, तर पाच वर्षांच्या पोरानं काय करावं? ते आपलं आपल्या पदराला येऊन लटकतं.

अशा वेळी आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं असतात. मी तिन्ही भरपूर वापरली आहेत.

पहिलं उत्तर भाषणाचं. ‘आमच्या वेळी कुठे होती एवढी खेळणी? आम्हाला नाही कधी कंटाळा आला!’ हे खरंही नसतं. आम्हालाही यायचा. फक्त तो सांगायला समोर कुणी मोकळं नसायचं, आणि वाड्यात, गल्लीत आणखी दहा कंटाळलेली पोरं असायची. दहा कंटाळे एकत्र आले की त्यातून लगोरी निघायची. आज घरात एकच मूल आणि दाराला लॅच. तुलना करायची तर ही गोष्टही धरावी लागेल.

दुसरं उत्तर यादीचं. ‘चित्र काढ.’ ‘नको.’ ‘ठोकळे घे.’ ‘नको.’ ‘बाहुलीला झोपव.’ ‘नको.’ सहाव्या ‘नको’ला आपला आवाज चढतो आणि सातव्याला कुणीतरी रडतं. मला वाटायचं, पोरं हट्टी आहेत. पुढे लक्षात आलं की यादीतली प्रत्येक गोष्ट माझ्या मनातली होती. मुलाला नेमकं हवं होतं ते त्याचं स्वतःचं काहीतरी, आणि ते मी यादीतून देऊच शकत नव्हते. उलट माझी यादी जितकी लांबत जाई, तितका त्याचा स्वतःचा विचार मागे ढकलला जाई.

तिसरं उत्तर पडद्याचं. तेव्हा टीव्ही होता, आता मोबाइल आहे. हे उत्तर ताबडतोब लागू पडतं आणि त्यातच त्याची खोट आहे. कंटाळ्याच्या पलीकडच्या काठाला काय आहे, हे मुलाला कधी कळतच नाही, कारण अलीकडच्या काठावरूनच आपण त्याला उचलून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दोन्हींचं सांगणं साधारण एकच आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, आणि त्यानंतर शाळेच्या वयाला येईपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मी काही पडद्याची वैरीण नाही. मूल तापानं फणफणलंय, घरात आजारपण आहे, सांभाळणाऱ्या आजीची कंबर धरली आहे, तर अर्धा तास कार्टून लावल्यानं आभाळ कोसळत नाही. प्रश्न आहे तो सवयीचा. प्रत्येक ‘कंटाळा आला’वर तेच औषध मिळालं, की कंटाळा हा आजार आहे आणि त्याचं औषध दुसऱ्याच्या हातात आहे, एवढंच मूल शिकतं.

माझे डोळे उघडले ते एका रात्री. तारीख सगळ्यांच्या लक्षात असेल, २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. आमच्या डोंबिवलीतली निम्मी माणसं पोटासाठी रोज मुंबईला जाणारी. पाळणाघरातल्या काही मुलांना आजी-आजोबा येऊन घेऊन गेले, एकाला शेजारी घेऊन गेले. संध्याकाळी सहा मुलं उरली. त्यांचे आईवडील कुठे फोर्टला, कुठे अंधेरीला अडकलेले. फोन लागत नव्हते. आमच्या बिल्डिंगमधली वीज दुपारीच गेली होती. घरात मी, माझा तेरा वर्षांचा मुलगा, ही सहा पोरं आणि दोन मेणबत्त्या.

पहिला तास मजेत गेला. सात वाजले आणि सुरू झालं, ‘मावशी, कंटाळा आला.’ टीव्ही बंद. मग मी माझी यादी काढली. भेंड्या खेळू या? नको. गोष्ट सांगू? नको. शेवटी माझीच यादी संपली. आठ जणांचं पिठलं-भात मेणबत्तीच्या उजेडात करायचं होतं. मी म्हटलं, ‘मला आता स्वयंपाक आहे. तुमचं तुम्ही बघा.’ आणि आत गेले.

थोडा वेळ नुसती कुरकुर ऐकू आली, ढकलाढकली झाली. मग एकदम शांतता. मुलं शांत झाली की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून डोकावून पाहिलं. एका मुलानं मेणबत्तीपुढे हात धरून भिंतीवर कुत्रा केला होता. बाकीची बघत होती. कुत्र्याचं हरीण झालं, हरणाची झाली आगगाडी. मग कुणीतरी उशा एकामागे एक मांडल्या आणि भिंतीवरची गाडी जमिनीवर उतरली. माझा मुलगा मोटरमन. एक मुलगी स्टेशनांची नावं पुकारत होती. दादर झालं, शीव झालं, आणि कुर्ल्याला गाडी थांबली. ‘पाणी भरलंय, गाडी पुढे जाणार नाही,’ अशी घोषणा झाली. मग दोन जण वाट्या घेऊन रुळांवरचं पाणी उपसायला लागले. गाडीत कोण बसलंय, असं मी विचारलं. मोटरमन जरा रागानंच म्हणाला, ‘सगळ्यांचे आई-बाबा.’

मी पुन्हा आत गेले. तीच गाडी त्या रात्री आठ-दहा वेळा तरी डोंबिवलीला पोचली असेल. मी शंभर गोष्टी सांगितल्या असत्या, तरी त्या मुलांना तेव्हा जे हवं होतं ते मला सुचलं नसतं. ते त्यांचं त्यांनाच सुचायला हवं होतं, आणि सुचण्याआधी थोडा वेळ काहीच न सुचणंही गरजेचं होतं.

पण हा अर्धाच धडा झाला. त्याच वेळी चार वर्षांची एक मुलगी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसली होती. दर पाच-दहा मिनिटांनी म्हणायची, ‘मावशी, कंटाळा आला.’ मी दोनदा म्हटलं, ‘जा की, गाडी-गाडी खेळ.’ ती हलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझं लक्ष तिच्या नजरेकडे गेलं. ती खेळाकडे बघत नव्हती, बाहेरच्या दाराकडे बघत होती. मी पळी खाली ठेवली, गॅस बारीक केला आणि तिला मांडीवर घेतलं. विचारलं, ‘आईची वाट बघतेयस?’ मग जे रडू फुटलं ते विचारू नका. मी तिला खरं काय ते सांगितलं. गाडी बंद पडली आहे. आई ऑफिसात आहे. गाडी सुरू झाली की येईल. तोवर आज तू माझ्या कुशीत झोपायचंस. हुंदके थांबले, नाक पुसून झालं, आणि मग बाईसाहेब स्वतःहून म्हणाल्या, ‘मी ताटं घेऊ?’ ताटं मांडून झाल्यावर ती गाडीत टीसी होऊन फिरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई आली. ठाण्यापासून रुळांतून चालत आली होती.

शब्द तेच होते. पण पाच मुलांच्या कंटाळ्याला हवं होतं ते माझं दूर होणं, आणि एकीच्या कंटाळ्याला हवं होतं माझं जवळ येणं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ‘कंटाळा आला’ ही मागणी नसते, की ऐकली आणि पुरवली. तो एक निरोप असतो. आधी तो कशाचा आहे हे वाचायचं, आणि मग जवळ जायचं की दूर व्हायचं ते ठरवायचं.

वाचायचा कसा? त्याच्या काही खुणा आहेत. पहिली खूण घड्याळाची. मूल हे वाक्य किती वाजता म्हणतं, ते चार दिवस नुसतं लक्षात ठेवा. जेवणाच्या अर्धा तास आधी असेल तर ती भूक असते. रात्री आठनंतर असेल तर झोप. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी असेल तर बहुतेक कुणाची तरी वाट पाहणं असतं.

दुसरी खूण शरीराची. खरा कंटाळा स्वस्थ बसत नाही. ते मूल घरभर फिरतं, डब्यांची झाकणं उघडून बघतं, सोफ्यावर पाय वर, डोकं खाली करून लोंबतं. अशा मुलाची काळजी नको, त्याचं काहीतरी शिजतंय. पण जे मूल एका जागी बसून राहतं आणि दाराकडे किंवा आपल्याच तोंडाकडे बघत राहतं, त्याच्याजवळ जावं.

तिसरी खूण म्हणजे एक साधा प्रश्न. ‘कशाचा कंटाळा आला?’ हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. एका मुलानं मला उत्तर दिलं होतं, ‘बाळाचा.’ घरी नुकतीच धाकटी बहीण आली होती. ‘शाळेचा’ असं उत्तर आलं आणि वारंवार यायला लागलं, तर रागावण्याआधी शोध घ्यावा. शिकवलेलं फार सोपं वाटतंय, की अजिबात कळत नाही? फळ्यावरचं दिसतंय ना, बाईंचं बोलणं ऐकू येतंय ना? डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. आणि आवडते खेळ, आवडती माणसं, आवडतं खाणं यांतलं काहीच आठवडेच्या आठवडे नकोसं झालं असेल, झोप बिघडली असेल, तर त्याला कंटाळा म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता समजा, भूक नाही, झोप नाही, दुःख नाही, निव्वळ कंटाळा आहे. मग काय करायचं? मी पाळणाघरात शेवटी शेवटी जे करत असे ते सांगते.

आधी ते वाक्य मान्य करायचं. ‘हो का? ये, बस जरा माझ्याजवळ.’ उपाय सांगायचा नाही, चौकशी करायची नाही. पाच मिनिटं पूर्ण त्याची. त्या पाच मिनिटांत हातात फोन नाही, निवडायची भाजी नाही. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. आपण हजर आहोत याची खात्री पटली की मूल उठून जातं.

मग आपण आपल्या कामाला लागायचं, पण नजरेच्या टप्प्यात राहून. पुढची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत अवघड, मुलापेक्षा आपल्याला. ते घुटमळेल, पाय आपटेल, ‘तू काहीच करत नाहीस’ म्हणेल. इथेच आपला धीर सुटतो आणि रिमोट सापडतो. पातेल्यात पाणी ठेवून दर मिनिटाला झाकण काढलं तर त्याला उकळी कशी येणार? थोडं थांबावं.

थांबताना हाताशी सामान मात्र हवं. सुरुवातीला मी दर दिवाळीला नवी खेळणी आणायची. टोपली भरली, दुसरी घेतली. पोरं टोपली उलटी करायची आणि दोन मिनिटांत निघून जायची. वैतागून एकदा निम्म्याहून जास्त खेळणी मी माळ्यावर टाकली, आणि तीच पोरं उरलेल्या चार वस्तूंशी तासभर खेळायला लागली. पुढे अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. माझ्या माळ्याला शास्त्राचा आधार मिळाला म्हणायचा! तेव्हा खेळणी थोडीच बाहेर ठेवावीत आणि पंधरवड्यानं बदलावीत. जुनीच खेळणी नवी होऊन येतात.

आणि वस्तू अशा असाव्यात की त्यांचं काहीही होऊ शकेल. सायमन निकल्सन नावाच्या इंग्रज कलावंतानं १९७१ साली एक लेख लिहून हे आग्रहानं मांडलं, की हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकं मुलांचं डोकं जास्त चालतं. आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी झालेलं आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांच्या साथीनं आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या, त्या शंख-शिंपले, पानं, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तू हाताशी घेऊन. पैसे नव्हते हे खरं, पण त्या वस्तू मुलांच्या ओळखीच्या होत्या, ही मोठी गोष्ट होती. आपल्या घरातही पुठ्ठ्याचं खोकं, सुतळी, कपड्यांचे चिमटे, जुनी चादर, बांगड्या, चिंचोके असं सगळं सापडतं. अगदी लहान, सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर चिंचोके, मणी दूर ठेवावेत, एवढं सांभाळावं. खोली एकच असली तरी पलंगाखालची जागा मोकळी असते. तिथे चादर सोडली की घर तयार.

आणखी एक गोष्ट म्हणजे खरं काम. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा मुलं तिथली खेळणी बाजूला ठेवून झाडणं, पुसणं, हात धुणं अशा खऱ्या कामांत रमतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. माझा अनुभव तोच आहे. मटारच्या शेंगा सोलणं, लसूण सुटा करणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, कुंड्यांना पाणी घालणं. चार वर्षांचं मूल यात अर्धा तास सहज रमतं. फक्त ते काम शिक्षा म्हणून देऊ नये. ‘कंटाळा आलाय ना? मग पाढे लिही’ असं म्हटलं, की दोन गोष्टी होतात. मूल कंटाळा सांगायचं बंद करतं आणि पाढे कायमचे नावडते होतात.

आणि शेवटचं म्हणजे मूल एकदा रमलं की मध्ये पडू नये. ‘अरे वा, किती छान!’ हेसुद्धा नको. फोटो तर नकोच. त्याची तंद्री मोडते आणि ते आपल्यासाठी खेळायला लागतं. पसारा होईल. त्याची वेळ आधीच ठरवून टाकावी. दिवेलागणीला सगळ्यांनी मिळून आवरायचं.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना चिंचोके नकोत. त्यांना मित्र हवे असतात, आणि आपला वेळ आपण ठरवल्याचं समाधान हवं असतं. त्यांच्या ‘बोअर होतंय’वर खाली खेळायला जायची मुभा, सायकल, एखाद्या संध्याकाळचा स्वयंपाक पूर्णपणे त्यांच्या हाती देणं, असं काहीतरी लागतं. सुट्टीतले सगळे दिवस शिबिरांनी भरून टाकणाऱ्या पालकांना मी एकच विनंती करते. निदान एक दुपार रिकामी ठेवा.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते, फार उशिरा शिकलेलं. नातीला न्यायला माझा मुलगा आला, त्या संध्याकाळची गोष्ट. ती त्याच्या गुडघ्याशी येऊन म्हणाली, ‘बाबा, कंटाळा आला.’ तो काही बोलला नाही. जमिनीवर तिच्या शेजारी जाऊन बसला. मी म्हटलं, ‘अरे, तिला काही खेळायला तरी दे.’ तो म्हणाला, ‘आई, मला रोज संध्याकाळी कंटाळा यायचा, आठवतं?’

न आठवायला काय झालं? पाळणाघर मी काढलं तेच मुळी त्याच्यासाठी. तो दोन वर्षांचा होता. नोकरी केली तर मूल दुसऱ्याकडे ठेवावं लागेल, त्यापेक्षा घरीच राहू, असा विचार होता. पुढे शाळेतून आला की तो दप्तर टाकून म्हणायचा, ‘आई, कंटाळा आला.’ आणि मी म्हणायची, ‘एवढी दहा पोरं आहेत घरात, खेळ की त्यांच्याशी.’ इतरांच्या मुलांना पाच मिनिटं मांडीवर घ्यायला मी शिकले होते. हा तर घरचाच होता.

‘माझा कंटाळा सातच्या सुमाराला जायचा,’ तो हसत म्हणाला. ‘शेवटचं मूल गेलं की.’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. इकडे नातीनं त्याच्या चपलांची बोट केली होती आणि ती फरशीवरून पलंगाखाली चालली होती. तो उठला आणि माझ्याजवळ येऊन बसला. आम्ही दोघंही बराच वेळ काहीच केलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)